न झालेल्या महामार्गाची रुंदी

बॉस्टन शहरात वॉशिंग्टन स्ट्रीटवरून दक्षिणेकडे चालत निघालं, की बराच वेळ विटांची जुनी घरं सोबतीला असतात. दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर कुंड्या, तळमजल्यावर एखादं न्हाव्याचं दुकान, एखादं खानावळीसारखं छोटं हॉटेल. रॉक्सबरीची हद्द जवळ येते तशी ही सोबत एकाएकी सुटते. समोर एक रुंद रस्ता आडवा येतो. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे पदर, वळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी जागा, मधे दुभाजक, कडेला गवताचा लांब पट्टा, त्यात झाडं आणि झाडांखालून सायकलमार्ग. पाटीवर नाव असतं मेल्निया कॅस बुलेव्हार्ड.

लांबी म्हणाल तर जेमतेम दीड किलोमीटर. पूर्वेला महामार्गाच्या जोडरस्त्यापासून मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यू ओलांडून पश्चिमेला रगल्स स्थानकाजवळ ट्रेमाँट स्ट्रीटला मिळेपर्यंत. सावकाश चाललं तरी वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना मी एकच गोष्ट शोधत होतो, ती म्हणजे या रस्त्यावर उघडणारं घराचं दार. इमारती आहेत, पण त्यांच्या पाठी रस्त्याकडे आहेत. कुंपणं आहेत, गाड्या लावायच्या जागा आहेत, मोकळे भूखंड आहेत. दारं जवळजवळ नाहीतच.

शहरातला कुठलाही जुना रस्ता दारांनी बनतो. आधी घरं होतात, मग त्यांच्यामधून वाट रुळते. मेल्निया कॅस बुलेव्हार्डचं उलट झालं. इथे आधी नकाशावर एक रेघ आली, रेघेखाली आलेली घरं गेली आणि ज्या महामार्गासाठी ती गेली तो महामार्ग झालाच नाही. मागे उरलेल्या उघड्या पट्ट्यावर पुढे हा रस्ता बांधला गेला. ज्या रस्त्याची ही रुंदी होती तो कागदावरच राहिला, रुंदी मात्र जमिनीवर उतरली. ही गोष्ट त्या रुंदीची आहे.

चाकाचा आराखडा

१९४८ मध्ये बॉस्टन महानगरासाठी महामार्गांचा एक बृहत् आराखडा तयार झाला. बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणलं की तो आराखडा समजतो. शहराचा मध्य म्हणजे तुंबा. चारी दिशांनी येणारे द्रुतगती मार्ग म्हणजे आरे. बाहेरून फिरणारा १२८ क्रमांकाचा मार्ग म्हणजे धाव. आरे तुंब्याजवळ एकमेकांत गुंतू नयेत म्हणून आतल्या बाजूला आणखी एक कडं आखलं होतं. त्याचं नाव इनर बेल्ट. पुढे त्याला आंतरराज्य महामार्ग ६९५ असा क्रमांक मिळाला. बॉस्टनच्या रॉक्सबरी आणि फेनवे भागांतून, ब्रुकलाइनच्या कडेने, चार्ल्स नदी ओलांडून केंब्रिज आणि सॉमरव्हिलमधून हे कडं जाणार होतं. नैर्ऋत्येकडून येणारा आरा म्हणजे साउथवेस्ट एक्सप्रेसवे, आंतरराज्य महामार्ग ९५ चा शहरात शिरणारा भाग. तो जमैका प्लेन आणि रॉक्सबरीमधून येऊन या कड्याला भिडणार होता. दोन्ही जिथे भेटणार, तिथे रॉक्सबरीत कित्येक मजली उड्डाणमार्गांची गुंतवळ उभी राहणार होती.

आखणारे लोक दुष्ट नव्हते. कारखाने आणि घरं उपनगरांकडे सरकत होती, गाड्या वाढत होत्या आणि गाडी शहरात आली नाही तर शहर मरेल, अशी त्यांची खरोखरच समजूत होती. या समजुतीला १९५६ च्या कायद्याने पैशाचं बळ दिलं. आंतरराज्य महामार्गाच्या खर्चातले नव्वद टक्के केंद्र सरकार देणार आणि राज्याला दहा टक्केच घालावे लागणार. रेल्वे किंवा ट्रामवर खर्च करायचा तर हा पैसा मिळणार नव्हता. दहा रुपये घालून शंभराचं काम होत असेल तर कुठला कारभारी नको म्हणेल? काय बांधायचं, हा निर्णय शहराच्या गरजेने होण्याआधी पैशाच्या या वाटणीने करून टाकला होता.

आराखड्यातला पहिला मोठा तुकडा शहराने पाहिला तो सेंट्रल आर्टरीच्या रूपाने. शहराच्या पोटातून खांबांवर उभा केलेला हा मार्ग १९५९ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी सुमारे वीस हजार माणसं विस्थापित झाली. इटालियन लोकांची नॉर्थ एंड ही वस्ती उरलेल्या शहरापासून तुटली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक हा टोलमार्ग शहरात आत आणला गेला. त्यात ब्रायटन भागातली एक म्हातारी बाई बेघर झाली. तिचा नातू फ्रेड साल्वुची स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला होता. रस्ता कसा बांधतात हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं, तो कुणाच्या अंगावरून जातो हे आजीने दाखवलं. हे नाव पुढे पुन्हा येईल.

माणसं आधी

आपल्याकडे ‘घरावर आरक्षण पडलं’ असं म्हणतात. पाऊस पडावा किंवा दरड पडावी, तसं आरक्षण ‘पडतं’. कुणी टाकलं, कधी टाकलं, ते दिसत नाही. घर उभं असतं, पण त्याला कर्ज मिळत नाही, कुणी विकत घेत नाही, मालक छप्पर दुरुस्त करत नाही, भाडेकरू निघून जातो. मग एक दिवस अधिकारी येऊन म्हणतात, ही वस्ती जुनाट झाली आहे, पाडायलाच हवी. इनर बेल्टच्या रेघेखाली आलेल्या गल्ल्यांनी हे दुखणं वर्षानुवर्षं अनुभवलं. बुलडोझर आला तो बऱ्याच उशिरा. त्याआधीच रेघेने आपलं काम सुरू केलं होतं.

केंब्रिजमध्ये ही रेघ ब्रुकलाइन स्ट्रीट आणि एल्म स्ट्रीटवरून जात होती. हजाराहून जास्त कुटुंबं उठणार होती आणि त्यातली बहुतेक कामगार होती. नगरपरिषदेने विरोध धरला, मार्ग बदलण्यावरून वाद वर्षं-वर्षं लांबला. १९६६ मध्ये काही तरुण नियोजनकार, अभियंते आणि प्राध्यापकांनी अर्बन प्लॅनिंग एड नावाची संस्था काढली. चेस्टर हार्टमन, रॉबर्ट गुडमन, लिसा पीटी ही त्यातली नावं. साल्वुचीही त्यांना मदत करत होता. यांचं काम एकच, सरकारी नकाशे आणि वाहतुकीचे अंदाज वाचून वस्तीतल्या माणसांना त्यांच्या भाषेत समजावणं आणि वस्तीची हरकत सरकारच्या भाषेत मांडून देणं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या शेकडो प्राध्यापकांनी फेरविचाराच्या मागणीवर सह्या केल्या.

पण या लढ्याला खरं वजन आलं ते वस्त्या एकत्र आल्यावर. रॉक्सबरीत कृष्णवर्णीयांच्या संघटना होत्या आणि त्यांच्यात चक टर्नर हा तरुण कार्यकर्ता पुढे होता. जमैका प्लेनमध्ये आयरिश कॅथलिक कुटुंबं होती, ईस्ट बॉस्टन आणि नॉर्थ एंडमध्ये इटालियन, केंब्रिजमध्ये कामगारांच्या शेजारी विद्यापीठातले लोक. त्या काळच्या बॉस्टनमध्ये ही माणसं सहसा एका खोलीत बसत नसत. थोड्याच वर्षांनी, कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुलांना शाळांत एकत्र शिकवण्याच्या प्रश्नावर, यातल्याच काही वस्त्या एकमेकांसमोर दगड घेऊन उभ्या राहिल्या. महामार्गाने मात्र त्यांना एका बाकावर बसवलं, कारण रेघ सगळ्यांच्याच दारातून जात होती. त्यांची संयुक्त समिती झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते थॉमस कॉरिगन नावाचे पाद्री. जमैका प्लेनमधल्या रेल्वेच्या भरावावर मोठ्या अक्षरांत रंगवलेली घोषणा लोकलमधून जाणारे रोज वाचत. महामार्गाआधी माणसं, असा तिचा अर्थ.

२५ जानेवारी १९६९ ला ही माणसं राज्याच्या विधिमंडळ भवनासमोर जमली. त्यांच्यासमोर नवा राज्यपाल होता. आधीचे राज्यपाल जॉन व्होल्पी हे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मंत्रिमंडळात वाहतूकमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले होते आणि फ्रान्सिस सार्जंट त्यांच्या जागी नुकते आले होते. सार्जंट एकेकाळी याच राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख होते. रस्ते बांधणं हेच त्यांचं काम होतं. मोर्चेकऱ्यांनी त्यांच्याकडून आशा का ठेवावी?

त्यांनी वर्षभर विचार केला. ११ फेब्रुवारी १९७० ला दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी जाहीर केलं की १२८ च्या मार्गाच्या आतल्या बहुतेक सगळ्या महामार्गांचं काम थांबवून फेरअभ्यास होईल. महामार्ग हेच एक उत्तर आहे असं आपण मानत होतो आणि तिथे आपण चुकलो, अशी कबुली त्यांनी त्या भाषणात दिली. सत्तेतल्या माणसाने आपल्याच खात्याची, आपल्याच कारकिर्दीतली चूक भर लोकांत सांगावी, हा प्रसंग कुठल्याही देशात दुर्मीळच.

फेरअभ्यासाचं काम एमआयटीचे अ‍ॅलन आल्टश्युलर यांच्याकडे गेलं. त्यात नवं काय होतं? महामार्ग न बांधणं हाही एक पर्याय म्हणून टेबलावर ठेवला गेला आणि वस्तीच्या प्रतिनिधींना बैठकीत बसायला जागा मिळाली. ३० नोव्हेंबर १९७२ ला सार्जंट यांनी निकाल सांगितला. इनर बेल्ट रद्द, साउथवेस्ट एक्सप्रेसवे रद्द. पुढच्याच वर्षी, १९७३ च्या केंद्रीय कायद्यात, रद्द केलेल्या शहरी महामार्गाचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्याची मुभा आली. नव्वद-दहाच्या वाटणीने बांधून ठेवलेला हात सुटला. बॉस्टनने या मुभेचा पुरेपूर उपयोग केला. पुढे राज्याचा वाहतूक सचिव झालेल्या साल्वुचीने सेंट्रल आर्टरी जमिनीखाली गाडण्याची कल्पना नेटाने पुढे रेटली, आणि आज तिच्या जागी शहराच्या मध्यात बागांची रांग आहे.

महामार्गांच्या इतिहासात ही गोष्ट इथे संपते, विजयावर. रॉक्सबरीत ती इथे सुरू होते.

आधी कोण पोहोचलं

केंब्रिजमधल्या ब्रुकलाइन स्ट्रीटवर आज गेलात तर लाकडी तीनमजली घरं दिसतात. पुढे व्हरांडे, व्हरांड्यात खुर्च्या, कठड्याला टेकवलेली सायकल. जवळच एका इमारतीच्या भिंतीवर बर्नार्ड लाकास यांनी १९८० मध्ये रंगवलेलं भित्तिचित्र आहे. बुलडोझरपुढे उभी राहिलेली साधी माणसं त्यात आहेत. घरं जागेवर आहेत, म्हणून ते चित्र अभिमानाने पाहता येतं.

लोअर रॉक्सबरीत निकाल लागला तोवर बुलडोझर येऊन गेला होता. बॉस्टनच्या नगरप्रशासनाने मार्ग आधीच मान्य केला होता आणि राज्याच्या बांधकाम खात्याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागा घेऊन घरं पाडायला सुरुवात केली होती. त्याच सुमारास नगरनूतनीकरणाच्या नावाने शेजारच्या मॅडिसन पार्क भागातल्याही वस्त्या उठत होत्या. केंब्रिजला वादात गेलेल्या वर्षांनी वाचवलं, रॉक्सबरीत तीच वर्षं पाडापाडीत गेली. भाड्याने राहणारी गरीब, बरीचशी कृष्णवर्णीय वस्ती होती ती. अशा वस्तीवर सरकारी काम नेहमी वेगाने होतं.

म्हणून रद्द होण्याचा निर्णय एकच असला तरी त्याची फळं दोन ठिकाणी दोन तऱ्हेची आली. एकीकडे घरं राहिली, दुसरीकडे मैदान राहिलं. मोडक्या विटा, तण, फेकलेल्या गाड्या यांनी भरलेला तो पट्टा कित्येक वर्षं तसाच पडून होता. महामार्ग रद्द करणारा कागद निघतो, पाडलेली वस्ती परत उभी करणारा कागद निघत नाही.

या पट्ट्याचं करायचं काय? नियोजनकारांनी मधला मार्ग काढला. महामार्ग नको, पण शहर आडवं कापणारा एक मुख्य रस्ता हवा. पूर्वेकडच्या महामार्गावरून उतरणारे ट्रक आणि पश्चिमेकडच्या रुग्णालयांकडे जाणाऱ्या गाड्या राहत्या गल्ल्यांतून घुसू नयेत, हे त्यामागचं कारण. जमीन सरकारच्याच ताब्यात होती. पूर्वेला इनर बेल्टसाठी बांधलेला जोडरस्ताही तयार होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्ता झाला. भोवतीच्या मोकळ्या जमिनीवर क्रॉसटाउन या नावाने उद्योगक्षेत्र आलं आणि डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीने तिथे कारखाना काढला. वस्तीला काम मिळालं, पण पुढे तो कारखानाही बंद झाला.

महामार्गाच्या मानाने हा रस्ता कितीतरी सौम्य. चौकात थांबणारा, झाडांच्या सावलीत चालणारा. त्याचं श्रेय लढणाऱ्यांचं आहे आणि ते पूर्ण दिलं पाहिजे. पण रस्ता सौम्य झाला तरी त्याची चौकट महामार्गाची राहिली. किती जागा लागेल हे वस्तीला विचारून ठरलं नाही, किती जागा मोकळी पडली आहे त्यावरून ठरलं.

ज्या बाईचं नाव

रस्त्याला नाव दिलं ते मेल्निया कॅस यांचं. त्यांचा जन्म १८९६ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. वडील झाडलोटीचं काम करत, आई धुणीभांडी करी. मेल्निया पाच वर्षांच्या असताना कुटुंब बॉस्टनला आलं. आई लवकर गेली, मावशीने वाढवलं. कृष्णवर्णीय आणि आदिवासी मुलींसाठीच्या कॉन्व्हेंट शाळेतून त्या १९१४ मध्ये पहिल्या क्रमांकाने बाहेर पडल्या. बॉस्टनच्या दुकानांत मात्र कृष्णवर्णीय मुलीला विक्रेतीचं काम मिळेना. पहिल्या आलेल्या त्या मुलीने लोकांच्या घरी कामं केली.

१९२० मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला तेव्हा सासूबाई त्यांना नावनोंदणीला घेऊन गेल्या. मग त्या स्वतः शेजारणींना घेऊन जाऊ लागल्या. तिथून पुढे जवळजवळ साठ वर्षं हेच चाललं. दुकानांनी आणि रुग्णालयांनी कृष्णवर्णीयांना कामावर घ्यावं म्हणून त्या निदर्शनांना उभ्या राहिल्या. घरकाम करणाऱ्या बायकांना प्रशिक्षण आणि हक्क मिळावेत म्हणून विमेन्स सर्व्हिस क्लबतर्फे त्यांनी वर्ग चालवले. १९६२ ते १९६४ मध्ये त्या एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या बॉस्टन शाखेच्या अध्यक्ष होत्या. २२ मे १९६६ हा दिवस शहराने त्यांच्या नावाने साजरा केला. लोक त्यांना रॉक्सबरीची ‘फर्स्ट लेडी’ म्हणत.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मला या रस्त्याशी फार जवळून बांधलेली वाटते. महापौर जॉन कॉलिन्स यांच्या काळात शहराने अ‍ॅक्शन फॉर बॉस्टन कम्युनिटी डेव्हलपमेंट ही संस्था उभी केली. नगरनूतनीकरणात उठवलेल्या माणसांना आधार देणं हे तिचं सुरुवातीचं काम. तिच्या संस्थापक सदस्यांत एकच स्त्री होती आणि ती मेल्निया कॅस. घर गेलेल्या माणसाला दुसरं घर शोधून देण्यासाठी जी बाई झटली, तिचं नाव शहराने घरं पाडून मोकळ्या केलेल्या पट्ट्याला दिलं. १९७८ मध्ये त्या गेल्या, तेव्हा रस्ता व्हायचा होता. त्यांना हे नाव कसं वाटलं असतं, हे आपण ठरवू नये. पण ज्या शहराने त्यांचं नाव घेतलं, त्याच्यावर त्या नावाचं ऋण आहे, एवढं निश्चित.

रेल्वे गेली, बस आली

ऋणाची एक बाजू वॉशिंग्टन स्ट्रीटच्या चौकात दिसते. या रस्त्यावर १९०१ पासून खांबांवरून धावणारी शहरी रेल्वे होती. ती रॉक्सबरीच्या ऐन मध्यात, डडली स्थानकात थांबे. रद्द झालेल्या साउथवेस्ट एक्सप्रेसवेच्या पट्ट्यात नवा रेल्वेमार्ग बांधायचं ठरलं आणि महामार्गाचा निधी तिकडे वळला. १९८७ मध्ये ऑरेंज लाइन त्या नव्या मार्गावर गेली आणि वॉशिंग्टन स्ट्रीटवरचे खांब उतरले. नव्या मार्गाच्या कडेने सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचं उद्यान झालं. आज तिथे मुलं सायकल शिकतात, म्हातारी माणसं वाफ्यांत टोमॅटो लावतात. महामार्ग रद्द करून शहराला काय मिळू शकतं, याचं इतकं सुंदर उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळेल.

पण रेल्वे जिथून उठली त्या डडलीला काय मिळालं? त्या तोडीची सेवा देऊ, असं आश्वासन होतं. पंधरा वर्षांनी, २००२ मध्ये, सिल्व्हर लाइन नावाची बस आली. तिचा एक थांबा मेल्निया कॅस बुलेव्हार्ड या नावाचा आहे. आज न्युबियन स्क्वेअर या नव्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चौकातल्या माणसांना पूर्वी रेल्वे होती, आता सिग्नलला थांबणारी बस आहे. विजयाची वाटणी करतानाही रॉक्सबरीच्या ताटात कमीच पडलं.

दुसरी बाजू रस्त्याच्या पूर्व टोकाला. मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यू आणि हा बुलेव्हार्ड जिथे मिळतात त्या चौकाला वृत्तपत्रांनी ‘मास अँड कॅस’ असं तोडकं नाव दिलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंदरातल्या लाँग आयलंडवर जाणारा पूल धोकादायक म्हणून एका दिवसात बंद झाला आणि तिथल्या निवाऱ्यातली, व्यसनमुक्ती केंद्रांतली माणसं शहरात आणावी लागली. सेवा या चौकाच्या आसपास एकवटल्या. हळूहळू तंबू उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये शहराने ते उठवले. जिने आयुष्यभर बेघरांसाठी दारं ठोठावली, तिचं नाव एका पिढीला बेघरपणाचं लघुरूप म्हणून ठाऊक झालं. म्हणून ते नाव असं तोडून वापरू नका, अशी विनंती रॉक्सबरीतल्या लोकांनी केली. ती विनंती मला योग्य वाटते.

झाडांसाठी

२०२० च्या उन्हाळ्यात हा रस्ता पुन्हा वादात आला. शहराने तो नव्याने बांधायचं ठरवलं होतं. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना सोय व्हावी, असा हेतू सांगितला होता. त्यासाठी शंभराहून जास्त मोठी झाडं जाणार होती. बुलेव्हार्ड झाला तेव्हा लावलेली ही झाडं तोवर चाळीस वर्षांची झाली होती. भोवतालच्या तापलेल्या डांबरी भागात तेवढीच सावली होती. लोक रस्त्यावर आले, झाडांना फिती बांधल्या आणि शहराला योजना थांबवावी लागली.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, चांगल्या कामाला विरोध कशासाठी? पण या पट्ट्यातल्या माणसांना एक गोष्ट पिढ्यांच्या अनुभवाने कळलेली आहे. आधी तोडतात, मग ठरवतात आणि ठरवलेलं बदललं तरी तोडलेलं परत येत नाही. १९६० च्या दशकात घरांबाबत जे झालं, ते झाडांबाबत पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. या वेळी विरोध कुऱ्हाडीच्या आधी पोहोचला.

शहरात इतरत्रही त्या महामार्गाची हाडं सापडतात. सॉमरव्हिलमध्ये गोदामांच्या भागातल्या एका रस्त्याचं नाव अजून इनर बेल्ट रोड आहे. दक्षिणेकडे कँटन इथे ९५ क्रमांकाचा महामार्ग १२८ ला येऊन वळतो आणि शहराच्या दिशेने जाणारं त्याचं टोक तुटल्यासारखं संपतं. ती पाहायला लोक जातात, फोटो काढतात. मेल्निया कॅस बुलेव्हार्ड पाहायला कुणी जात नाही, कारण तो अवशेषासारखा दिसत नाही. तो साधा, वाहता रस्ता दिसतो.

पण खरा अवशेष तोच आहे. महामार्ग थांबवणं हे अर्धं काम असतं. ज्या जागेवरून माणसं उठवली, ती जागा माणसांना परत मिळते का, हे उरलेलं अर्धं. लोअर रॉक्सबरीतल्या रहिवाशांनी १९६६ मध्येच स्वतःची संस्था काढून या अर्ध्या कामाला हात घातला होता. तीच आज मॅडिसन पार्क डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या नावाने परवडणारी घरं बांधते. रस्त्याच्या जवळपास काही इमारती उभ्या राहिल्या, तर पोलीस मुख्यालयासमोरचा एक मोठा भूखंड दशकानुदशकं रिकामा राहिला. शेजारी एक विद्यापीठ वाढतं आहे आणि जमिनीचा भाव त्याच्याबरोबर चढतो आहे. आता जी घरं होतील त्यात उठवलेल्यांच्या नातवंडांना राहता येणार का, यावर या लढ्याचा शेवटचा निकाल लागायचा आहे.

परत फिरताना मी वॉशिंग्टन स्ट्रीटच्या चौकात पुन्हा थांबलो. एक आजी हातगाडीत सामान घेऊन रस्ता ओलांडत होत्या. दुभाजकापर्यंत पोहोचल्या आणि सिग्नल बदलला. त्या तिथेच उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंनी गाड्या जाताना पाहत. ज्या रुंदीत त्या अडकल्या होत्या ती त्यांच्यासाठी कधीच आखलेली नव्हती. पलीकडे जायला त्यांना आणखी एक सिग्नल थांबावं लागलं. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी जिंकलेल्या लढ्यातलं तेवढं अंतर अजून ओलांडायचं राहिलं आहे.